घाटकोपरचे रूळ आणि वर्तनविज्ञान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माणसाने कसे वागावे हे सांगणारी शास्त्रे पुष्कळ आहेत. तो प्रत्यक्षात कसा वागतो आणि तसाच का वागतो, हे तपासते ते वर्तनविज्ञान. मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या सीमेवर ते वाढले. डॅनिएल कानेमन यांना २००२ मध्ये आणि रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा या विषयाचे नाव सर्वदूर पोचले. ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. भारत सरकारच्या २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात त्यावर एक पूर्ण प्रकरण आले आणि २०१९ मध्ये नीती आयोगाने आपला कक्ष सुरू केला. मुंबईत मात्र हे शास्त्र त्याच्या बरेच आधी, आणि थेट लोहमार्गावर उतरले होते. हार्बर मार्गावरच्या वडाळा स्थानकाजवळ रूळ ओलांडताना होणारे मृत्यू कमी व्हावेत म्हणून ‘फायनल माइल’ या मुंबईतल्या सल्लागार संस्थेने २००९-१० मध्ये मध्य रेल्वेच्या हद्दीत एक प्रयोग केला. त्याचे देशविदेशात कौतुक झाले, आणि त्या कौतुकासोबत काही गैरसमजही रुजले.

ते गैरसमज तपासायला घाटकोपरइतकी योग्य जागा दुसरी सापडणे कठीण. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली देशातली पहिली प्रवासी गाडी याच भागातून गेली. पुढे या मार्गाच्या दोन्ही अंगांना वस्ती वाढत गेली आणि रुळांनी उपनगराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. पूर्वेला पंतनगर, राजावाडी, गारोडियानगर. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, भटवाडी, असल्फा आणि डोंगरउतारावरच्या वस्त्या. कुर्ला ते ठाणे या पट्ट्यात आता धिम्या, जलद आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी मिळून सहा मार्गिका आहेत. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि स्थानकातल्या गर्दीचे स्वरूपच बदलले. शाळा एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला. बाजार इकडे, दवाखाना तिकडे. इथे रूळ ओलांडावेसे वाटणे हा अनेकांच्या रोजच्या दिनक्रमाचा भाग आहे. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत सुमारे अडीच-अडीच हजार माणसे दगावली. त्यांतली निम्म्याच्या आसपास रूळ ओलांडताना गेली.

गैरसमज : रूळ ओलांडणारे अडाणी किंवा बेपर्वा असतात

हा गैरसमज सर्वांत खोल रुतलेला आहे आणि सर्वांत घातकही, कारण दोष एकदा माणसाच्या स्वभावावर टाकला की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. रूळ ओलांडणाऱ्यांमध्ये शिकलेले, नोकरी करणारे, घरी मुलांना ‘पुलावरून ये’ असे बजावणारे लोक असतात. गाडीखाली सापडले तर काय होते, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. चूक होते ती एका विशिष्ट क्षणी, आणि ती बहुतांशी डोळ्यांची व कानांची असते.

पहिली गोष्ट वेगाच्या अंदाजाची. हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांबद्दल लिहिताना मांडले, की वस्तू जितकी मोठी तितका तिचा वेग डोळ्याला कमी भासतो. घाटकोपरच्या गच्च्यांवरून हे रोज पाहता येते. विमानतळाकडे उतरणारे अवाढव्य विमान आकाशात रेंगाळल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ते खालच्या कोणत्याही लोकलपेक्षा कितीतरी वेगाने जात असते. बारा किंवा पंधरा डब्यांच्या लोकलचेही तसेच होते. त्यातच ती समोरून सरळ अंगावर येत असली तर तिची जागा बदलताना दिसत नाही, फक्त आकार वाढताना दिसतो. आणि तो शेवटच्या काही क्षणांतच भराभर वाढतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २० मीटर पुढे येते. म्हणजे १०० मीटरवर दिसलेली गाडी पाच सेकंदांत पायाशी असते. एवढ्या वेगातली लोकल जागच्या जागी थांबत नाही. ब्रेक लावल्यावर ती काही शे मीटर पुढे जाऊनच थांबते. मोटरमनला माणूस दिसतो, त्याच्या हातात मात्र फारसे काही उरलेले नसते.

दुसरी गोष्ट सवयीची. जो माणूस वर्षानुवर्षे रूळ ओलांडून सुखरूप घरी पोचला, त्याच्या मनाने प्रत्येक वेळी एकच धडा घेतलेला असतो : काही होत नाही. धोका खरा असतो, पण एका वेळेपुरता लहान असतो. आणि लहान धोका हजारदा पत्करला की तो लहान राहत नाही, हे गणित मनाला सहज उमगत नाही. म्हणून नवखा माणूस घाबरत दोन्हीकडे पाहतो आणि रोजचा माणूस मोबाइलवर बोलत जातो.

तिसरी गोष्ट सहा मार्गिकांची. एका गाडीकडे लक्ष गेले की शेजारच्या मार्गिकेवरून उलट दिशेने येणारी दुसरी निसटते. पहिलीच्या खडखडाटात दुसरीचा आवाज बुडतो आणि पहिली गेल्याच्या सुटकेत पाऊल पुढे पडते.

वडाळ्याच्या प्रयोगाने नेमके इथेच बोट ठेवले. लोकांना उपदेश करण्याऐवजी त्यांच्या डोळ्यांना आणि कानांना मदत केली. रुळांखालच्या स्लीपरपैकी काही ठरावीक अंतरांवर भडक पिवळ्या पट्ट्यांसारखे रंगवले, म्हणजे गाडी एकेक पट्टा गिळत येताना दिसते आणि तिचा वेग मोजायला डोळ्याला आधार मिळतो. मोटरमनने एक लांबलचक भोंगा देण्याऐवजी दोन छोटे, तुटक भोंगे द्यावेत असे ठरले. सलग आवाज शहराच्या गोंगाटात मिसळून जातो. थांबून पुन्हा आलेला आवाज कान टवकारायला लावतो.

गैरसमज : लोकांना नीट माहिती दिली, थोडी भीती घातली, की पुरते

रेल्वेने माहिती देण्यात कधी कसूर केलेली नाही. फलक, घोषणा, पथनाट्ये, कवटीची चित्रे हे सगळे अनेक दशके चालू आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये पश्चिम रेल्वेने यमराजाच्या वेषातला माणूस रुळांवर उतरवला होता. तो रूळ ओलांडणाऱ्यांना उचलून फलाटावर आणत असे. लोकांचे लक्ष त्याने नक्कीच वेधले. प्रश्न असा, की यमराज निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता त्याच जागी काय होते?

माहिती आणि कृती यांच्यामध्ये वेळेचे आणि जागेचे अंतर असते. फलाटावर वाचलेला फलक रुळांशी पोचेपर्यंत विसरलेला असतो. रोज दिसणारा फलक तर दिसेनासाच होतो. वडाळ्यात म्हणून दोन गोष्टी बदलल्या. फलक जिथून लोक रुळांवर उतरतात नेमके तिथेच लावले, आणि त्यावर आकृती किंवा कवटी न दाखवता, गाडी अंगावर येताना भीतीने डोळे विस्फारलेल्या माणसाच्या चेहऱ्याची छायाचित्रे लावली. कवटीचा अर्थ लावावा लागतो. माणसाच्या चेहऱ्यावरची भीती पाहणाऱ्याला अर्थ न लावता भिडते.

भीतीचीही एक मर्यादा आहे आणि आरोग्यप्रचाराच्या अभ्यासांतून ती वारंवार पुढे आली आहे. भीतीसोबत सुटकेचा सोपा मार्ग दिसला तरच माणूस वागणे बदलतो. मार्ग नसेल तर तो भीतीकडेच पाठ फिरवतो. तंबाखूच्या पुडीवरच्या चित्रांना हे लागू आहे आणि रुळांवरच्या फलकांनाही : ‘मराल’ असे सांगणाऱ्या फलकाशेजारी ‘पूल इकडे, दोन मिनिटांवर’ हा बाण नसेल, तर फलकाचे निम्मे काम राहून गेलेले असते.

गैरसमज : दंड वाढवला की सगळे सुतासारखे सरळ होतील

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ज्याला साक्षात मृत्यूची शक्यता थांबवत नाही, त्याला हजाराऐवजी पाच हजारांचा आकडा थांबवेल असे मानण्यात तर्काचीच गफलत आहे. शिक्षेबद्दलचे संशोधन सांगते, की तिच्या तीव्रतेपेक्षा ती होण्याची खात्री आणि तत्परता अधिक परिणाम करते. महिन्यातून एकदा मोहीम काढून शेकडो लोकांना पकडण्यापेक्षा, एका ठरलेल्या जागी गर्दीच्या दोन तासांत रेल्वे सुरक्षा दलाचा एक जवान रोज उभा असणे अधिक उपयोगाचे.

तत्पर परिणाम कसा असतो याचे एक उदाहरण मुंबईतच रस्त्यावर घडले. विनाकारण हॉर्न वाजवण्याला आळा बसावा म्हणून मुंबई पोलिसांनी काही चौकांत सिग्नलला आवाजमापक जोडले. हॉर्नचा गलका ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. जानेवारी २०२० च्या अखेरीस त्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली. पावती, न्यायालय, तारीख यांपैकी काहीही नाही. वागणे आणि त्याचे फळ यांच्यात क्षणाचेही अंतर नाही. रुळांवरचा दंड याच्या अगदी उलटा असतो : क्वचित, उशिरा आणि कुठेतरी दूर.

गैरसमज : पूल बांधला की लोक आपोआप त्यावरून जातील

आणि याचाच जुळा भाऊ : पूल आहे तरी वापरत नाहीत, म्हणजे लोक आळशी. पादचारी पूल म्हणजे दोन मजले चढणे आणि दोन मजले उतरणे. हातात भाजीची पिशवी, कडेवर मूल किंवा गुडघेदुखी असेल तर हा हिशेब लगेच बदलतो. पूल जिथे बांधायला सोयीचा तिथे बांधला आणि लोकांची पायवाट त्यापासून तीनशे मीटर दूर असली, तर पायवाटच जिंकते. वर्तनविज्ञानातला सर्वांत भरवशाचा निष्कर्ष असा, की जे सोपे ते केले जाते. त्यामुळे योग्य वाट सोपी करणे आणि चुकीची वाट अवघड करणे ही दोन्ही कामे एकत्र करावी लागतात : सरकते जिने, उद्वाहने, फेरीवाले आणि अडथळे यांपासून मोकळा पूल एका हाताला, सलग भिंत किंवा कुंपण, आणि त्याला पडलेली भगदाडे चोवीस तासांत बुजवण्याची व्यवस्था दुसऱ्या हाताला.

पुलाची रुंदी हाही वागण्याचाच प्रश्न आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. ज्या पुलावर जीव गुदमरतो, त्या पुलाऐवजी कोणी रूळ निवडला तर त्याला केवळ बेशिस्त म्हणून भागणार नाही. घाटकोपरला मेट्रो आणि लोकल यांचा प्रवासी भार एकाच स्थानकावर येतो. इथल्या पुलांची रुंदी आणि स्थानकावरचा डेक यांची कामे म्हणूनच सुशोभीकरणात मोजू नयेत, ती सुरक्षेची कामे आहेत.

याच स्थानकाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. जानेवारी २०१४ मध्ये लोकल पकडताना एक सोळा वर्षांची विद्यार्थिनी फलाट आणि गाडी यांच्यामधल्या पोकळीत पडली आणि तिने दोन्ही हात गमावले. ‘धावती गाडी पकडू नका’ ही घोषणा तेव्हाही होत होती. फरक पडण्यासारखी गोष्ट होती फलाटाची उंची, आणि त्या अपघातानंतर न्यायालयाच्या रेट्यामुळे उपनगरी स्थानकांचे फलाट उंच करण्याच्या कामाला वेग आला. जिथे पोकळी बुजवता येते, तिथे पोकळीबद्दल जागृती करीत बसणे हा वर्तनविज्ञानाचा वापर नव्हे, ती जबाबदारीची टाळाटाळ आहे. पोकळी बुजवल्यावर जे उरते, त्यासाठी इशारा कामाचा. २०१९ मध्ये काही लोकलच्या दारांवर बसवलेला निळा दिवा असा आहे : गाडी सुटताना तो लुकलुकतो आणि धावत येणाऱ्याला ‘आता नको’ असे नेमक्या क्षणी कळते.

गैरसमज : आरोग्याच्या बाबतीत आधी लोकांचे मत बदलावे लागते

वर्तनविज्ञानाबद्दलचे गैरसमज रुळांपुरते नाहीत. लस, क्षयाची औषधे, गरोदरपणातल्या तपासण्या यांबाबत ‘लोकांना पटत नाही’ हे वाक्य नेहमी ऐकू येते. पुष्कळदा त्यांना पटलेले असते. उद्यावर ढकलले जाते इतकेच. लस आज टोचायची, बाळ आज रडणार, आजची मजुरी बुडणार. फायदा मात्र पुढे केव्हातरी, आणि तोही न दिसणारा, कारण न झालेला आजार कोणाला दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी यांनी सहकाऱ्यांसह राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात हे तपासले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे काहीच नवे केले नाही त्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली बालके ६ टक्के होती. जिथे दर महिन्याला न चुकता गावातच शिबिर भरले तिथे १८ टक्के. शिबिरासोबत प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्या दिल्या तिथे ३९ टक्के. एक किलो डाळीने कोणाचे लशीबद्दलचे मत बदलत नाही. आज जाण्याला कारण मिळते. आणि शिबिरात जास्त मुले आल्याने प्रत्येक मुलामागचा खर्चही कमी झाला.

क्षयरुग्णांना उपचारकाळात पोषणासाठी दरमहा पैसे देणारी निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ पासून सुरू आहे. तेव्हाचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. तिचा पहिला हेतू पोषणाचा आहे, पण सहा महिने औषध घेत राहण्याच्या वाटेवर असा नियमित आधार असणे हे वर्तनाच्या दृष्टीनेही मोलाचे. तो पैसा वेळेवर खात्यात पडला तरच ते मोल टिकते. चार महिने उशिरा आलेला आधार आधार राहत नाही.

गैरसमज : वर्तनविज्ञान म्हणजे लोकांची फसवणूक

ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. जाहिरातदार आणि ॲप बनवणारे हेच ज्ञान ग्राहकाच्या विरोधात वापरतात : आधीच खूण केलेला चौकोन, लपवलेले ‘नको’, संपत आल्याचा खोटा इशारा. फरक तपासायचा तर दोन प्रश्न पुरतात. जे केले ते उघड सांगितले तरी काम करते का? आणि ज्याला ढकलले त्याचेच त्यात भले आहे का, की ढकलणाऱ्याचे? पिवळे पट्टे कशासाठी आहेत हे समजावून सांगितल्यावरही ते गाडीचा वेग दाखवतच राहतात. तिथे लपवण्यासारखे काही नाही आणि माणसाची निवडही त्यांनी हिरावलेली नाही. उलट सरकारी योजनेचा अर्ज विनाकारण किचकट ठेवणे, तीच तीच कागदपत्रे पुन्हा मागणे, हेही वागणूक वळवणेच आहे; तिने गरजू माणूस परत फिरतो. असे अडथळे काढणे हे या शास्त्राचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

गैरसमज : थोड्याशा रंगाने चमत्कार होतो

वडाळ्यातले मृत्यू सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. आकडा दिपवणारा आहे, आणि म्हणूनच तो जपून वाचायला हवा. एखादी जागा प्रयोगासाठी निवडली जाते, तीच मुळी तिथे बळी फार गेलेले असतात म्हणून. असाधारण वाईट वर्षानंतरचे वर्ष, काहीही केले नाही तरी, बहुधा बरे जाते. शिवाय एका जागेचे वार्षिक मृत्यू फार तर दोन आकडी असल्याने त्यात नुसत्या योगायोगानेही मोठा चढउतार होतो. लोक पट्टे रंगवलेली जागा सोडून दोनशे मीटर पुढे ओलांडू लागले नाहीत ना, हेही पाहावे लागते. शेजारच्या, प्रयोग न केलेल्या जागेशी तुलना नसेल तर घट पट्ट्यांची, कुंपणाची की नशिबाची, हे सांगता येत नाही. प्रयोगामागची कल्पना यामुळे चुकीची ठरत नाही. तिच्या यशाचे माप मात्र पक्के राहत नाही.

जगभरचा अनुभवही हेच सांगतो. स्टेफानो डेलाविग्ना आणि एलिझाबेथ लिनॉस यांनी २०२२ मध्ये अशा प्रयोगांचा मोठा संच तपासला. विद्वत्पत्रिकांत छापून आलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के-बिंदूंचा होता. अमेरिकेतल्या वर्तनविज्ञानाच्या दोन मोठ्या विभागांनी केलेले सगळे प्रयोग, छापलेले आणि न छापलेले, एकत्र घेतले तेव्हा तो १.४ टक्के-बिंदू निघाला. यशस्वी प्रयोग छापून येतात, फसलेले कपाटात राहतात; त्यातून चमत्काराचा भास होतो. १.४ हाही क्षुल्लक नाही. लाखो लोकांपर्यंत जाणारे पत्र जवळजवळ फुकटात दीड टक्का लोकांना हलवत असेल तर ते जरूर पाठवावे. पण त्याच्या भरवशावर पूल बांधणे थांबवू नये.

मोजमापच फसल्याचे उदाहरण मुंबईतही आहे. क्षयाच्या गोळीच्या वेष्टनाखाली फोन क्रमांक दडवायचा, गोळी काढल्यावर तो दिसतो, रुग्णाने त्यावर मिस्ड कॉल दिला की गोळी घेतल्याची नोंद होते : ‘९९डॉट्स’ ही योजना कल्पक होती. मुंबई, चेन्नई आणि वेल्लूर इथल्या रुग्णांची लघवी तपासून नोंदींशी ताडली, तेव्हा दोन्हींचा मेळ समाधानकारक बसला नाही. गोळी घेतलेल्या अनेकांनी फोन केलाच नव्हता. कल्पना किती सुबक आहे यावरून ती चालते असे मानता येत नाही, ते तपासावेच लागते.

घाटकोपरला असा प्रयोग करायचा, तर मोजणी रंगाचा डबा उघडण्याआधी सुरू झाली पाहिजे. एका जागेपुरते मृत्यू सुदैवाने विरळ असल्याने मोजायचे ते रूळ ओलांडणारे लोक : ठरावीक जागी, ठरावीक तासांत, कॅमेऱ्यावरून, आधी काही महिने आणि नंतर किमान वर्षभर. त्याच काळात विक्रोळी किंवा भांडुपसारख्या, काहीही न बदललेल्या जागीही तीच मोजणी हवी. पट्ट्यांवर ब्रेकची काजळी आणि पावसाळ्याचा चिखल बसतो, म्हणून ते पुन्हा रंगवण्याची तारीख आणि जबाबदार अधिकारी आधीच ठरलेला हवा. आणि जे आकडे निघतील ते, चांगले असोत वा वाईट, रेल्वेने स्थानकनिहाय जाहीर करावेत. तिकीट आणि पास काढून या सहा मार्गिकांवर अवलंबून असलेल्या घाटकोपरकरांचा तो हक्क आहे.